पायाची जुडी

माझा डावा पाय आमच्या गल्लीनं केला. मायबापानं दिलेला पाय मी दोन वर्षांची असताना तापात गेला. म्हणजे होता जागेवरच, पण वाळला, आणि टाच जी वर चढली ती काही केल्या खाली उतरेना. मी चवड्यावर चालायची, डावा हात गुडघ्यावर दाबून, दर पावलाला एकदा वाकून. पोट्टे मागून माझी नक्कल करत यायचे आणि मी वळून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माझी जीभ तेव्हापासूनची अशी आहे. पाय चालत नाही म्हणून हिचं तोंड चालतं, असं माय म्हणायची. पुढे तीस वर्षं शाळेत पोरं हाकताना तेच तोंड मला उपयोगी पडलं.

आम्ही राहायचो नागपूरला, इतवारीच्या मागच्या अंगाला, बिडीवाल्यांच्या गल्लीत. गल्ली म्हणजे दगडी फरशीचा एक अरुंद पट्टा, दोन्ही बाजूंना ओटे, आणि ओट्याओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेली एकेक बाई. सुपात एका कडेला जर्दा, एका कडेला कापलेली पानं. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा. अशा पंचवीस बिड्यांची एक जुडी. हे सगळं माय बोलता बोलता करायची, भांडता भांडता करायची, आणि दुपारी डुलकी लागली तरी तिची बोटं आणखी दोन बिड्या वळून मगच थांबायची. सकाळी डोळा उघडायचा तो कात्र्यांच्या आवाजानं. सगळी गल्ली कचकच कापत असायची. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिले आठ दिवस मला त्या घरात कोणी जिवंत आहे की नाही असं वाटायचं, इतकं ते मुकं होतं.

आणि वासाचं तर विचारूच नका. ओली पानं, ओलं गोणपाट, आणि सगळ्यावर जर्दा. भाकरीला जर्दा, डोक्याच्या तेलाला जर्दा, शाळेच्या वहीला जर्दा. चून-भाकर खायला बसलं की आधी शिंक यायची, मग घास जायचा. गल्लीतल्या बायांची नाकं त्या जर्द्यानं पार मेलेली होती. आमटी करपली तरी मायला धूर दिसल्याशिवाय कळायचं नाही. एकट्या बाबांचं नाक शाबूत होतं, कारण ते आठवडाभर कोराडीला असायचे. तिथं विजेच्या कारखान्यात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचं काम, आणि राहणं मजुरांच्या शेडमध्ये. शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचे ते भुवयांवर राख घेऊन. आंघोळ करायचे, बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून आम्हा तिघांची वंदना व्हायची, आणि मग जेवायला बसल्यावर दर वेळी एक वाक्य बोलायचे, ‘काय वास मारून राहिलं हे घर!’ माय म्हणायची, ‘कोठी? मले तं नाही येत.’

मी बारा वर्षांची व्हायच्या आत मोठ्या दवाखान्यातल्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, टाचेची शीर आखडली आहे, ती कापून लांब केली तर टाच टेकेल. पण याच उन्हाळ्यात. पोरगी वाढीला लागली की हाड तसंच वाकडं बसेल, मग काही करता येणार नाही. डॉक्टर पुण्याकडचे होते, हळू आणि पुस्तकातल्यासारखं बोलायचे, आणि मायला ‘बाई’ म्हणायचे. खाट फुकट होती. पण औषधं, प्लास्टरचं सामान आणि नंतरचा लोखंडी पट्ट्यांचा बूट आम्हालाच आणायचा होता. त्यात माय माझ्याजवळ बसली की तिच्या बिड्या बंद. माय दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली नाही, नुसती पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली. घरी येईपर्यंत तिचा अर्धा पदर गाठींचा झाला होता.

समोरच्या ओट्यावर मथुरामावशी राहायची. नात्याची कोणी नाही, पण गल्लीची पाटलीणच ती. नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी झोपलेलं कुत्रं उठून बसावं. तिनं मायच्या पदराच्या गाठी पाहिल्या, सगळं विचारून घेतलं आणि तिथंच ओट्यावरून ओरडली, ‘आयका वं सगळ्याजणी! उद्यापासून रोज एक जुडी जास्तीची वळायची. कुसुमच्या पायाची.’ कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. मथुरामावशीसमोर तशी पद्धतच नव्हती.

शनिवारी बाबा आले तेव्हा त्यांना हे कळलं. ते उठून तिच्या ओट्याशी गेले. बाबा आवाज चढवणाऱ्यातले नव्हते, पण त्या दिवशी त्यांची मान ताठ झाली होती. ‘मथुराबाई, गावात आपल्या बापजाद्यानं भाकरीसाठी हात पसरला. ते सोडून आलो आपण. आता पोरीच्या नावानं मी परत पसरू का?’ मावशीनं सुपातून डोकंही वर काढलं नाही. ‘हात कोण पसरून राहिलं गा भाऊ? चालवून राहिलो आम्ही हात. तुम्हाले लाज वाटत असन तं वळा तुम्हीबी एक जुडी.’ आणि बाबा बसले हो! कोळसा उचलणारी ती बोटं, त्यात ते नाजूक पान. तासाभरात त्यांनी पाच बिड्या केल्या, त्याही अशा की बाया तोंडात पदर घालून हसल्या. मावशीनं त्या पाचही उसवून परत सुपात टाकल्या.

मग रोज संध्याकाळी, बिडीच्या कारखान्यात माल द्यायला निघायच्या आधी, आमच्या ओट्यावरच्या टोपलीत जुड्या पडायला लागल्या. गल्लीच्या तोंडापासून आवाज यायचा, ‘पायाची टाकली का वं?’ तोंडाच्या पहिल्या घरातली फातमाबी शुक्रवारी दोन टाकायची. एक होती, नाव नाही सांगत, तिचे नातू आता मोठे झालेत, ती पोकळ बिड्यांची जुडी आणायची. मावशीनं ती ओट्यावर सोडली, एकेक बिडी चिमटून पाहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘पायात असला ढिला माल घालतं का वं? लंगडीन ना पोरगी!’ दुसऱ्या दिवसापासून तिची जुडी सगळ्यांत घट्ट. कारखान्याचा मुनीम त्या जुड्या वेगळ्या घेऊन त्यांचे पैसे मायला द्यायला कबूल झाला, तोही मावशीच्या आवाजामुळेच असणार. मी दाराआड उभी राहून टोपलीत जुडी टाकणारीचं तोंड पाहायची. प्रत्येकीचं. हिचं पोर आजारी आहे, हिला नवरा मारतो, हिच्या घरी काल चूल पेटली नाही, हे सगळं मला माहीत होतं. आभार मानावे असं मला वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती.

हल्ली माझी नात मोबाईलवर दाखवते. कोणा लेकराचा फोटो, वाकड्या पायाचा फोटो, खाली किती जमले त्याची हिरवी पट्टी. ‘आजी, पाठवू का थोडे?’ पाठव बाई, मी म्हणते, नक्की पाठव. पण मी त्या लेकराचं तोंड पाहत बसते. इतक्या लोकांनी आपला पाय पाहिला, आता तो बरा नाही झाला तर काय, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत मला दिसतं. नात म्हणते, आजी, तू उगाच काहीबाही पाहतेस. असेल बापा.

उन्हाळा लागता लागता ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात गुडघ्याखालपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये पाय घेऊन मी घरी आले. सहा आठवडे प्लास्टर, मग उघडायचं, मग बूट. गल्लीत जत्राच. बकऱ्याच्या खुरांचा रस्सा कोणी आणला, तो हाडाला चांगला म्हणून. दुसरीनंही तोच आणला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ मी खुरांचा रस्साच पीत होते, शेवटी मला आपल्यालाच खूर फुटतील असं वाटायला लागलं. येणारी प्रत्येक बाई आधी मला नाही, पायाला विचारायची. ‘कसा हाये आमचा पाय?’ मथुरामावशी रोज दुपारी यायची, बोटाच्या पेरांनी प्लास्टरवर टकटक करायची, मडकं विकत घेताना करतात तशी, आणि म्हणायची, ‘पक्का हाये.’ मग जायची.

एकदा मी खाटेवरून उतरून एका पायावर उड्या मारत दारापर्यंत गेले. चिंचा विकणारी आली होती, दुसरं काही नाही. मावशीनं समोरून पाहिलं आणि सूप टाकून धावत आली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ‘काहून उतरली वं? तुह्या एकटीचा हाये का तो पाय?’ तिनं मला उचलून खाटेवर आदळलं. तिच्या मनात काही नव्हतं, हे आज कळतं. तिचं प्रेम तसंच होतं, आरडाओरड्याचं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

आणि मग खाज सुरू झाली. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू. कौलं तापून घर भट्टी होतं, भिंतीला पाठ टेकवत नाही. प्लास्टरच्या आत घाम धरायचा आणि टाचेच्या वर, जिथं टाके होते तिथं, अशी खाज यायची की मी गोधडी चावायची. माय म्हणायची, ‘भरून राहिली जखम, खाजवते तं चांगलंच.’ खाटेखाली जुनं फुटकं सूप पडलं होतं. मी त्याची एक लांब कमची उपसली. वरून, गुडघ्याच्या बाजूनं, प्लास्टरच्या फटीतून आत घातली आणि खाजवलं. अहाहा! आयुष्यात मला त्याहून मोठं सुख फार थोड्या वेळा मिळालं असेल. मग रोज संध्याकाळी, माय माल घेऊन कारखान्यात गेली की मी ती कमची काढायची. चौथ्या की पाचव्या दिवशी ती आत अडकली. मी ओढली. कट्कन तुटली आणि अर्धी माझ्या हातात आली.

अर्धी आत राहिली. टोकदार, वर्षानुवर्षं जर्दा मुरलेली बांबूची कमची, टाक्यांच्या जागी. पाय हलवला की टोचायची. मायला सांगायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा समोरच्या ओट्यावरून मावशी विचारत होती, ‘पाय कसा हाये वं?’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘पक्का हाये.’

पुढचं ऐकून आजही माझा मुलगा कपाळाला हात लावतो. दुखायला लागलं, ओलं ओलं वाटायला लागलं, तेव्हा मी औषध केलं. आमच्या गल्लीत बाईचं बोट कात्रीनं कापलं की ती जखमेवर चिमूटभर जर्दा दाबायची आणि पुढची बिडी वळायची. रक्त थांबायचं. हेच औषध मी जन्मापासून पाहिलेलं. मायच्या सुपातून मूठभर जर्दा घेतला आणि प्लास्टरच्या फटीतून आत सोडला, वरून थापटून खाली बसवला. अशी आग झाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला वाटलं, औषध लागू पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला.

त्या दिवसापासून मला मळमळायला लागलं. भाकर समोर आली की पोटात ढवळायचं. अंग गरम. माय म्हणाली, ऊन लागलं पोरीले. तिनं कैरीचं पन्हं केलं, कांदा किसून उजव्या तळव्याला चोळला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. आणि मला वास यायला लागला. आधी थोडा, मग असा की तोंड फिरवून झोपावं लागे. मी मायच्या तोंडाकडे पाहायची. ती माझ्याजवळ बसून फडकं बदलायची, आणि तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. मावशी वाकून टकटक करायची, तिलाही नाही. इतक्या बाया घरात येऊन जायच्या आणि माझा पाय त्यांच्या नाकाखाली कुजत होता. त्यांना वास येत नाही म्हणून मला हायसं वाटायचं, आणि रोज रात्री भीतीनं मी गोधडी डोक्यावरून घ्यायची. असली मूर्ख पोरगी होते मी.

शनिवारी बाबांची बस चुकली, ते रविवारी सकाळी आले. उंबऱ्यातच थांबले. ‘घरात काहीतरी मेलं हाये.’

‘मले तं नाही येत वास,’ माय म्हणाली.

‘तुह्या नाकाचं काय सांगतं! उंदीर मरून पडला असन कोठीतरी. निरा सडला हाये.’

मग सुरू झाली शोधाशोध. बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. पिठाचा डबा सरकवला, चुलीमागची लाकडं उपसली, जर्द्याचं पोतं उचलून बाहेर ठेवलं. मायनं मथुरामावशीला हाक मारली, तिनं दारातून दोनदा नाक ओढलं आणि निकाल दिला, ‘जर्द्याचाच वास येऊन राहिला, अजून काय?’ बाबा काही ऐकेनात. ते नाकानं वास धरत घरभर फिरत होते आणि दर फेरीला माझ्या खाटेच्या थोडे जवळ येत होते. मी म्हणाले, ‘बाबा, आढ्यावर असन. काल खुडबूड झाली वरती.’ धडधडीत खोटं. बाबा बिचारे डब्यावर डबा ठेवून चढले, हातानं आढं चाचपलं, धुरळा पडला, माय खोकली. खाली उतरले आणि सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता श्वास सोडला तरी त्यांना कळेल.

माझ्या खाटेखाली पानांची गोणी होती. बाबा गुडघ्यांवर बसले आणि आत वाकले. गोणीमागून सुतळीचं एक टोक बाहेर आलं होतं, त्यांना ती शेपटी वाटली. ते मायला ओरडले, ‘पाय! पाय वं इकडं!’

आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे ‘बघ’ म्हणायचं असलं की ‘पाय’ म्हणतात. पाय वं, पाय गा, दिवसातून शंभरदा. पुण्याच्या त्या डॉक्टरांना माय पहिल्याच दिवशी ‘पाय ना साहेब’ म्हणाली तेव्हा ते म्हणाले होते, ‘पायच बघतोय, बाई.’ जन्मापासून कानावर असलेला शब्द. पण त्या सकाळी तापानं माझं डोकं जागेवर नव्हतं. मला ‘बघ’ ऐकू आलंच नाही. मला पाय ऐकू आला. माझा पाय. सापडला, वाटलं. सगळं कळलं यांना.

‘मी नाही बाबा!’ मी किंचाळले. ‘मुद्दाम नाही तोडली मी कमची! आपल्या मनानं तुटली! मावशीले नका सांगू! मी जर्दा घातला ना वरतून, होईन ना बरा!’

बाबा खाटेखालून निघाले तेव्हा त्यांच्या हातात ती सुतळी होती. त्यांनी ती खाली टाकली, माझ्या प्लास्टरला नाक लावलं आणि डोळे मिटले. दारात मथुरामावशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सायकलरिक्षात मी बाबांच्या मांडीवर होते, शेजारी माय, आणि पायाशी, जिथं बसायला जागाच नसते तिथं, मावशी अंग चोरून बसली होती. दवाखान्यात रविवारचं डॉक्टरांना घरून बोलवावं लागलं. त्यांनी प्लास्टर कापून उघडलं. आतून जर्द्याचा काळा चिखल निघाला आणि त्यातून बोटभर लांब कमची. डॉक्टर चिमट्यात ती धरून उभे राहिले. ‘हे कुणी केलं?’ मी म्हणाले, ‘म्या.’ ते रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. जखम धुतली, सुया दिल्या, मग बाबांना म्हणाले, ‘दोन दिवस बघू. विष वर चढलं नाही तर पाय राहील.’

‘आन् चढलं तं?’

‘तर गुडघ्याखाली काढावा लागेल.’

मायनं पदराच्या टोकाला गाठ मारली. मावशी माझ्या खाटेशी आली. मला वाटलं, आता हाणते. तिनं विचारलं, ‘काहून नाही सांगतलं वं मले? रोज तं विचारत होती मी.’

‘तुमचा पाय हाये ना तो,’ मी म्हणाले. ‘मी बिघडवला. तुम्ही साऱ्याजणी काय म्हणसान?’

मथुरामावशी मटकन खाली फरशीवर बसली. पदर तोंडात कोंबला. त्या बाईचा आवाज सगळी इतवारी ओळखत होती, पण त्या वेळी ती रडत होती आणि नुसते खांदे हलत होते. मग ती उठली, माझ्याकडे न पाहता बाहेर गेली, आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, तिनं मला टाकलं.

ते दोन दिवस मला नीट आठवत नाहीत. बाबा कामावर गेले नाहीत, एवढं आठवतं. डॉक्टर यायचे, पट्टी सोडायचे, बोटानं पोटरीवर लाल झालेल्या जागेची कड चाचपायचे, आणि माय त्यांच्या तोंडाकडे पाहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कड चाचपली, पुन्हा चाचपली आणि म्हणाले, ‘खाली उतरतंय. राहतोय पाय.’ माय तेव्हा रडली. पण ते पुढे म्हणाले, टाचेचं मी सांगत नाही. अशी जखम भरताना शीर पुन्हा आखडते. बूट घालून चालेल तेव्हाच कळेल.

दोन महिने मी दवाखान्यातच राहिले. बूट आला, काळा, जड, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि तळाला खिळे मारलेली टाच. मला तो घालून खाटेच्या कडेला धरून चालवायचे, आणि मी चवड्यावरच चालायची. जुनी सवय. डॉक्टर म्हणायचे, टाच खाली सोड. मी सोडत नव्हते. खोटं कशाला बोलू, सोडली आणि नाही टेकली तर, ही भीती होती. न टेकवता राहिलं की निदान कळत तरी नव्हतं. शेवटी ते म्हणाले, घरी न्या, घरी गेली की चालेल.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. बाबा म्हणाले, ‘उचलून नेऊ का?’ मी नाही म्हणाले. खाली उतरून मायचा हात धरला आणि गल्लीत पाहिलं. सगळ्या ओट्यांवर सगळ्याजणी बसलेल्या. कात्र्या चालू. एकीनं मान वर केली नाही. ‘आली का वं’ म्हटलं नाही कोणी. मी मायला म्हणाले, ‘माय, माह्यावर चिडल्या ना साऱ्या?’

माय हळूच म्हणाली, ‘अवं नाही. मथुरानं सांगून ठेवलं हाये गल्लीले. पोरीच्या पायाकडं कोणी डोळा उचलायचा नाही, कोणी विचारायचं नाही. आपल्या विचारण्यानंच जात होता म्हणते पोरीचा पाय.’

मी तिचा हात सोडला. उजवा पाय टाकला. मग डावा, आधी चवडा. तिथं थांबले. मग डोळे मिटून सगळा भार मागं सोडला. फरशीवर टक् असा आवाज आला. मी पुन्हा टाकला. टक्. फातमाबीच्या ओट्यावरची कात्री थांबली. तिनं मान खालीच ठेवली होती. मग तिच्या पुढची थांबली. मी एकेक ओटा मागं टाकत गेले आणि माझ्यासोबत गल्ली गप्प होत गेली. दोनदा तोल गेला, भिंतीला हात लावला, कोणी ‘अवं माय’सुद्धा म्हटलं नाही. मथुरामावशीच्या ओट्यासमोर पोचले तेव्हा सगळ्या गल्लीत एक कात्री वाजत नव्हती. मावशीच्या सुपात कापलेली पानं तशीच पडली होती आणि ती त्यांच्याकडे पाहत होती.

मी म्हणाले, ‘मावशी, टाच टेकली.’

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘हाव. आयकून राहिलो आम्ही.’